सिसिलमावशींचा खडा

डोंगरावर पोचलं की सिसिलमावशी आधी कुणाशी बोलायच्या नाहीत. गाडीतून उतरायच्या, चार पावलं चालायच्या, वाकून मूठभर लाल माती उचलायच्या आणि खांद्याच्या उंचीवरून हळूहळू सोडायच्या. धूळ कुठे जाते ते बघायच्या. सरळ खाली पडली तर म्हणायच्या, "अजून उठला नाही. चहा घे." वारा म्हणजे त्यांच्या लेखी घरातला उशिरा उठणारा माणूस. हाका मारून उपयोग नाही, उठेल तेव्हा कामाला लावायचं. धूळ तिरकी जायला लागली की त्या टोपीची दोरी हनुवटीखाली आवळायच्या, वाऱ्याकडे पाठ करायच्या आणि सूप हातात घ्यायच्या.

सूप म्हणजे आपलं घरातलं, तांदूळ पाखडायचं, बांबूचं सूप. कालगुर्ली हे ऑस्ट्रेलियातलं सोन्याच्या खाणींचं गाव. सुट्टीच्या दिवशी इथली निम्मी माणसं मासे पकडायला जावं तशी सोनं शोधायला जातात. सरकारकडून परवाना काढायचा आणि कुणाच्या ताब्यात नसलेल्या टेकडीवर माती उकरायची. जमिनीतला धातू ऐकायचं यंत्र कानाला लावून फिरणारे असतात, धूळ उडवायची भात्याची पेटी घेऊन येणारे असतात. पण सुपात माती पाखडणारी बाई मी एकच बघितली, आणि ती निघाली वसईची.

इथे पाणी नाही. आपल्याकडे सोनार माती पाण्यात धुतो असं मी ऐकलं होतं. इथे ते वाऱ्यावर करतात. मोठे दगड चाळणीने काढायचे, उरलेली माती एका घमेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतायची, वारा धूळ घेऊन जातो. राहील ते सुपात. सूप वरखाली केलं की हलकं उडतं, ते पाखडणं. मग सूप कलतं धरून गोल गोल फिरवायचं, ते घोळणं. घोळलं की जड जड सगळं एका कडेला येऊन बसतं. शेवटी तोंडाने हलकी फुंकर. फुंकरीनंतर कधी काही नसतं, कधी पिठासारखे पिवळे कण असतात. "आईने मला तांदूळ निवडायला शिकवलं," मावशी म्हणायच्या, "तिला काय माहीत मी कुठे जाऊन काय निवडणार आहे."

माझी त्यांची ओळख मात्र डोंगरावर नाही, हॉस्पिटलात झाली. मी इचलकरंजीचा. नववीत शाळा सोडली, वेल्डिंगचा कोर्स केला, शिरोलीत आणि मग दुबईत काम करून कालगुर्लीच्या एका वर्कशॉपमध्ये आलो. खाणीच्या मशिनांचे झिजलेले भाग आम्ही जोडतो. येऊन थोडेच महिने झाले होते, तेव्हा ग्राइंडरची ठिणगी चष्म्याच्या खालून डोळ्यात गेली. मी कुणाला बोललो नाही. मला वाटलं, कंपनी म्हणेल याला काम येत नाही, पाठवा परत. मी जात्याच घाबरट. परदेशात माणूस आणखी घाबरट होतो. डोळा सुजून बंद झाला तेव्हा गेलो.

नर्स इंग्लिशमध्ये काहीतरी म्हणाली आणि पापणी उलटी केली. माझ्या तोंडून निघालं, "आई गं, मेलो."

"मरत नाहीस. हलू नकोस."

मराठी ऐकून मला वाटलं दुखण्याने भ्रम झाला. दुसऱ्या डोळ्याने बघितलं तर छोट्या चणीची, पांढऱ्या केसांची बाई, छातीवर नावाची पट्टी, सिसिलिया.

"कुठला रे?"

"इचलकरंजी."

"तिथून इथे डोळ्यात लोखंड घालून घ्यायला आलास?"

"मावशी, कंपनीला सांगू नका. व्हिसा जाईल."

"व्हिसा पासपोर्टात असतो बाबा, डोळ्यात नसतो. खाली बघ. आता वर बघ."

डॉक्टरांनी तो कण काढला. मावशींनी माझं ऐकलं नाही. आमचा फोरमन डॅरेन, त्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. त्याच्या दोन्ही मुली मावशींच्या हातावर जन्मलेल्या. मी कामावर गेलो. डॅरेन एवढंच म्हणाला, "मेट, नेक्स्ट टाइम मला आधी सांग. सिसिलियाकडून नको ऐकायला." आणि गेला. माझी नोकरी, माझा डोळा, पुढे इथे टिकून राहणं, सगळं त्या एका फोनवर उभं आहे असं मला अजून वाटतं. मावशींना तसं म्हटलं तर त्या म्हणायच्या, "नर्सच्या पगारात फोन येतोच रे."

त्यानंतर त्यांनी मला जेवायला बोलावलं, आणि मग एका रविवारी डोंगरावर. चर्चमधली मिसा त्या शनिवारी संध्याकाळीच ऐकायच्या, म्हणजे रविवार मोकळा. डोंगर म्हणतोय खरा, पण आपल्याकडे त्याला कुणी टेकाड म्हणेल. लाल उतार, काळे गोटे, चकाकत्या खोडांची बारीक झाडं, आणि माशा. माशा नाकात, कानात, चहात. मावशी त्यांना हाकलायच्याही नाहीत. "त्यांचं गाव आहे. आपण पाहुणे."

तिथे टेड भेटायचा. खाणीतून रिटायर झालेला म्हातारा, कानाला यंत्र. मावशींना बघितलं की दुरूनच विचारायचा, "मॉर्निंग, सिसिलिया. चपात्या झाल्या का?"

"तुझ्यासाठी खिळ्यांची भाजी करतेय, टेड. खिळे तूच आण."

कारण टेडच्या यंत्राला त्या उतारावर खिळे, डब्यांची झाकणं आणि बंदुकीच्या जुन्या गोळ्या यांशिवाय काही मिळायचं नाही. जमिनीत लोखंड इतकं की यंत्र सारखंच ओरडायचं. तो चांगल्या जागा सोडून इथे का येतो ते मला कळायचं नाही. मावशी इथेच का येतात तेही कळायचं नाही. पिठाएवढं सोनं मिळायचं, ते त्या डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकायच्या आणि वर्षाच्या शेवटी चर्चला देऊन टाकायच्या. बाकीचे लोक जागा बदलत राहायचे. मावशी त्याच उतारावर. वरून खाली, पट्टा पट्टा करत, झालेल्या भागाच्या कडेला पांढरे दगड मांडत.

सूप त्यांचं फार जुनं होतं, कड उसवलेली. मला वाटलं, आपण काहीतरी करावं. उपकार डोक्यावर होतेच. मी वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या वेळात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं सूप केलं, कडा वळवून, घासून गुळगुळीत. मावशींनी ते हातात घेतलं, वाहवा केली, माती टाकली, दोनदा वरखाली केलं. माती, सोनं, सगळं एकदम सरकून पुढे पडलं.

"छान आहे रे," त्या म्हणाल्या. "पण बांबूच्या विणीत कण अडकतो. हे म्हणजे घसरगुंडी झाली."

पुढच्या रविवारपासून मावशी त्या पत्र्याच्या सुपातून डब्याबरोबर फुगे आणायला लागल्या. तांदळाच्या पिठाचे ते गोल तळलेले फुगे त्यात मांडलेले बघून टेड म्हणाला, "आत्ता कुठे त्यात काहीतरी सोनं दिसलं."

खड्याची गोष्ट मला टेडनेच सांगितली असती, पण मावशी म्हणाल्या, "थांब टेड, तू मसाला लावून सांगतोस," आणि स्वतः सांगितली.

मावशी नर्स म्हणून इथे आल्या तेव्हा नवऱ्याला घेऊन आल्या. इनासकाका. वसईला त्यांची केळीची आणि पानवेलींची वाडी होती. हिरव्यात जन्म गेलेला माणूस. इथे त्यांना मिळालं काम टँकर चालवायचं, खाणीच्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून पाणी मारायचं. "झाडाला पाणी घालणारा माणूस," मावशी म्हणाल्या, "त्याने इथे रस्त्यांना पाणी घातलं." काका कधी तक्रार करायचे नाहीत. बोलायचेच कमी. मग कुणीतरी त्यांना डोंगरावर नेलं आणि त्यांना ते आवडलं. निदान मातीत हात घालायला मिळतो म्हणाले. वसईहून येताना विमानतळावर साहेबांनी मावशींच्या सुपाची उलटसुलट तपासणी केली होती, किडा आहे का, बी आहे का. ते सूप घेऊन दोघं जायला लागली. काका खणायचे, चाळायचे, मावशी पाखडायच्या.

पहिल्याच हिवाळ्यात, याच उतारावर, काकांनी एक घमेलं त्यांच्यापुढे ओतलं. मावशी आदल्या रात्रीची ड्यूटी करून आलेल्या, डोळ्यावर झोप. घोळता घोळता कडेला एक खडा आला. तुरीच्या डाळीएवढा, एका अंगाला पांढरी गार, म्हणजे गारगोटी, चिकटलेली. आणि मावशींच्या हाताने तेच केलं जे हात लहानपणापासून करत आला होता. बोटांनी खडा उचलला आणि मागे भिरकावला.

"तांदळातला खडा कुणी ठेवतं का?" मावशी मला म्हणाल्या. "हात डोक्याला विचारत नाही. सुटल्यावर उन्हात चमकला, तेव्हा कळलं."

काकांनी बघितलं. टेडनेही बघितलं, तो तेव्हा पलीकडे होता. सगळ्यांनी अंधार पडेपर्यंत शोधलं. नाही मिळाला. काका खाली बसले आणि हसायला लागले, इतके हसले की डोळ्यात पाणी. त्यानंतर दर नाताळला, घरी फुगे तळत असताना, पाहुण्यांसमोर ती गोष्ट निघायची. "आमची सिसिल. सगळं जग सोनं शोधतं, हिने निवडून फेकलं." सगळे हसायचे. मावशीही हसायच्या.

त्यानंतर काका जाईपर्यंत दोघं येत राहिली. पिठाएवढं मिळत राहिलं. तसा खडा पुन्हा एकदाही मिळाला नाही. काका गेल्यावर मावशींच्या ते लक्षात आलं.

"त्याला हा देश मी दाखवला," त्या म्हणाल्या. हातातला चहा तसाच होता. "त्याने मागितला नव्हता. या देशाने त्याच्या हातात एकच गोष्ट ठेवली. ती मी फेकली."

मी म्हटलं, "पण काका हसायचे म्हणता ना, मावशी. त्यांनी मनावर घेतलं नसेल."

"हसायचे. दर नाताळला हसायचे." त्यांनी कपातली माशी बोटाने बाजूला केली. "जी गोष्ट माणूस विसरला, ती तो दर नाताळला कशाला सांगेल?"

तेव्हा मला कळलं, त्या पिठासाठी येत नव्हत्या. काका नसल्यापासून त्या तो एक खडा शोधत होत्या. आणि मला वाटतं टेडही म्हणूनच तिथे यायचा, ओरडणारं यंत्र घेऊन.

काम सोपं नव्हतं. वर्षातून एखादा जोरदार पाऊस यायचा आणि वरची माती खाली सरकायची. झालेला पट्टा पुन्हा न झालेला व्हायचा. मावशी दगड उचलून वर न्यायच्या आणि परत सुरुवात करायच्या. मी खणायला आणि चाळायला लागलो. चाळता चाळता त्या मला इंग्लिश बोलायला लावायच्या, कारण व्हिसासाठी माझी इंग्लिशची परीक्षा होती आणि माझी जीभ वळत नव्हती. "सांग टेडला, काल काय केलंस." मी सांगायचो. टेड गंभीरपणे म्हणायचा, "फर्स्ट क्लास. मला अर्धं कळलं." परीक्षा मी दुसऱ्या वेळेला पास झालो, ती त्या उतारावर.

त्यांची मुलगी स्टेला पर्थला. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. ती इंग्लिशमध्ये बोलायची, मावशी मराठीत, आणि दोघींचं बरोबर जमायचं. "मम, घर विक, इकडे ये. इट्स जस्ट डर्ट." मावशी म्हणायच्या, "येते गं, एवढी टेकडी होऊ दे." आपण तो खडा शोधतोय हे तिला त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, का? तर म्हणाल्या, "तिला बाप हसताना आठवतो. तेवढा राहू दे."

मग एका रविवारी आम्ही गेलो तर उताराच्या चार कोपऱ्यांना पांढरे खुंट ठोकलेले. टेड आधीच येऊन उभा होता. एका कंपनीने जागा घेतली होती. कागदपत्रं झाली की कुंपण पडणार आणि मग आत पाऊल टाकता येणार नाही. टेडने चौकशी केली होती. हिवाळा संपेपर्यंत मुदत आहे म्हणाला.

मावशींनी खुंटाला हात लावून बघितला. म्हणाल्या, "मजबूत ठोकलाय." मग मूठभर माती उचलली आणि सोडली.

त्यानंतर दर रविवारी मी घाई करायचो. शनिवारचा ओव्हरटाइम सोडून दोन दिवस जाऊ म्हणायचो. घमेल्यावर घमेली त्यांच्यापुढे ओतायचो. त्या म्हणायच्या, "हळू. घाईने घोळलं की जडसुद्धा उडतं. पुन्हा तेच करू का मी?" आणि एकेक फुंकर मोजून मापून घालायच्या. एवढा उतार राहिला होता, आणि त्यांचे गुडघे, आणि त्यांचा श्वास. दोनदा सूप खाली ठेवून त्यांनी छातीवर हात दाबलेला मी बघितला. विचारलं तर म्हणाल्या, "नर्स कोण आहे, तू का मी?"

शेवटच्या रविवारी सापडला.

मावशी घोळत होत्या, मी शेजारी उकिडवा बसलो होतो. कडेला पिवळं आलं. पीठ नाही, कण नाही, खडा. तुरीच्या डाळीएवढा. त्यांचं सूप थांबलं. टेडला काय दिसलं कोण जाणे, त्याने यंत्र बंद केलं आणि आला.

मावशींनी तो दोन बोटांत धरला. चष्मा वर केला. डोळ्याजवळ नेला, फिरवला, पुन्हा फिरवला. वारा चांगला होता, टोपीची दोरी फडफडत होती.

"इज इट द वन, लव्ह?" टेडने विचारलं.

"नो, टेड. इट्स अ नाइस वन."

"मावशी," मी म्हटलं, "तोच असेल. एवढाच होता म्हणालात ना तुम्ही?"

"त्याला पांढरी गार चिकटलेली होती. म्हणून तर मला तो खडा वाटला."

"गार तुटून पडली असेल. एवढे पाऊस झाले."

"असेल."

"मग तोच समजा ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. डोळ्यातला कण बघताना बघितलं होतं तसं.

"समजून चालत असतं तर पोरा, मी घरीच नसते का बसले?"

त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. "तू चाळलीस ती माती. तुझा आहे." मी नको म्हणालो, तर माझी मूठ त्यांनी स्वतः मिटवली. मग राहिलेलं घमेलं पुढे ओढलं आणि वारा पडेपर्यंत पाखडत राहिल्या. शेवटची फुंकर मारली, सूप उलटं करून झटकलं. टेड यंत्राची वायर गुंडाळत होता, ती त्याने पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

कुंपण पडलं. घर विकलं गेलं. स्टेला गाडी घेऊन आली आणि मावशी पर्थला गेल्या. फोनवर आमचं बोलणं व्हायचं. समुद्र आहे म्हणाल्या, वारा फुकट जातो. नातवंडं प्रेमळ आहेत, मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देतात. मी एकदा चुकून डोंगराचा विषय काढला, तर म्हणाल्या, "जेवलास का?" वर्षाच्या आत त्यांचं हृदय थांबलं. झोपेतच गेल्या.

टेड आणि मी त्याच्या युटमधून, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, पर्थला गेलो. अख्खा दिवस रस्ता. मावशींना माती देऊन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये स्टेलाने मला गाठलं. तिने विचारलं, "एवढी वर्षं ती तिथे काय शोधत होती? मला कधी बोलली नाही." मी टेडकडे बघितलं. टेड जमिनीकडे बघत होता. मग मीच माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, की नाताळच्या गोष्टीतला तो फेकलेला खडाच त्या शोधत होत्या. आणि खिशातून तो खडा काढून तिच्या हातावर ठेवला. नाताळचं हसणं तिला माहीत होतंच, त्याबद्दल मावशी काय म्हणाल्या ते सांगितलं नाही.

"डॅडचा? हाच तो?"

हो म्हणणं किती सोपं होतं. टेडनेही मान वर केली. पण ज्यांनी तो शोधला त्यांनी उत्तर देऊन ठेवलं होतं.

"युवर मम सेड नो," मी म्हणालो.

तिने मूठ मिटली. हसली आणि रडली, दोन्ही. "दॅट्स मम," म्हणाली.

मी अजून कालगुर्लीतच आहे. आता पक्का. त्या टेकडीच्या जागी खड्डा आहे, रस्त्यावरून दिसत नाही, नुसती धूळ दिसते. त्या उताराची माती लोडरच्या बादलीतून ट्रकमध्ये जाते, ट्रकमधून गिरणीत, तिथे तिचं पीठ होऊन सगळं सोनं एकत्र वितळतं. कुणाचं कुठलं कळायची सोय नाही. मावशींचं ते शोधणं असं संपायला नको होतं, असं मला वाटतं. पण कसं संपायला हवं होतं तेही मला सांगता येत नाही. कधी वाटतं तोच होता, त्यांनी हट्टाने नाही म्हटलं. कधी वाटतं, त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाही.

गेल्या महिन्यात त्याच खाणीवरच्या लोडरची बादली आमच्याकडे आली. दात झिजले होते, नवे बसवायचे होते. नियम असा की आधी पाण्याच्या फवाऱ्याने बादली स्वच्छ धुवायची, मगच वेल्डिंग. डॅरेन पाइप घेऊन उभा होता. बादलीच्या आतल्या कोपऱ्यात लाल माती वाळून घट्ट बसली होती. मी त्याला थांब म्हणालो, खरवडणी घेतली, आत शिरलो, कोपरे खरवडले आणि माती एका पत्र्यावर घेऊन बाहेर बसलो. बोटांनी ढेकळं फोडायला लागलो.

"काही हरवलं का, मेट?"

"माझं नाही," मी म्हणालो.

मग बादलीवर कुठल्या खाणीचं नाव रंगवलंय ते डॅरेनने वाचलं. मावशी दर रविवारी कुठल्या टेकडीवर जायच्या ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

"सिसिलियाचं?"

मी हो म्हणून मान हलवली. डॅरेनने पाइपचा नळ बंद केला, उलट्या डब्यावर बसला आणि माझं होईपर्यंत थांबला.